पाण्याकाठची जागा

"गाडी कुठल्या सालची तुमची?" फोनमधल्या बाईनं विचारलं.

आर्डिसनं टेबलापलीकडून जोरजोरात हात हलवला. साल विचारलंच तर ऐकू न आल्यासारखं कर, असं तिनं लोवेलला सकाळीच बजावून ठेवलं होतं. पण लोवेल टोर्गर्सनला खोटं बोलता येत असतं, तर चोपन्न वर्षांच्या संसारात निदान एकदा तरी आलं असतं.

"शहाण्णव," तो म्हणाला. आणि वर, कुणी विचारलेलं नसताना, "मार्चमधली."

 पाठ केल्यासारखं बाईनं सांगितलं, की टॅमरॅक शोअरमध्ये दहा वर्षांहून जुनं मोटारघर आत घेत नाहीत, मालकांचा तसा नियम आहे. आवाज तरुण होता आणि वाईट नव्हता. शाळेच्या बस-गॅरेजात एकतीस वर्षं काढून लोवेलचे कान गेले होते, त्यामुळे फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता. आर्डिसला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

हा दहा वर्षांचा नियम आता जिथं म्हणून जरा डोंगर-पाणी दिसतं तिथं झालाय. जुनी गाडी शेजारी उभी राहिली की नव्या गाडीवाल्याचा तलाव नासतो म्हणे. लोवेलनं त्या मोटारघराचं इंजिन स्वतःच्या हातानं दोनदा उतरवून परत बसवलं होतं, खाली पांढरं फडकं अंथरलं तरी तेलाचा ठिपका पडला नसता. पण पोटात कोण बघतो? सगळे जन्मतारीख बघतात.

आर्डिसनं ही जागा निवडायला अख्खा हिवाळा घालवला होता. तिची फुप्फुसं हळूहळू दगड होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यंदाच्या उन्हाळ्यात जिथं जायचंय तिथं जाऊन या. पुढच्या उन्हाळ्याचं त्यांनी नाव काढलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. झोपताना तिला श्वासाचं यंत्र लागे, यंत्राला वीज लागे, आणि झोप लागे ती फक्त मोटारघरातल्या पलंगावर, कारण लोवेलनं फळ्या ठोकून त्याचं उसं तिच्या मापानं उंच केलं होतं. हॉटेल नको, पाहुणचार नको. आपल्या पलंगावर पडून खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

मग तिनं लग्नाला स्थळं बघावीत तशा अकरा जागा बघितल्या. जंगलखात्याच्या तळावर वीज नव्हती. एक जागा रेल्वेला खेटून होती. एका ठिकाणी गाड्या इतक्या जवळ लावत, की शेजाऱ्याला शिंक आली तर आपण नाक पुसावं. एकीच्या माहितीपत्रकावर बर्फाचे डोंगर होते, पण चर्चमधली व्हर्ना तिथं राहून आली होती. ती म्हणाली, डोंगर आहेत, फक्त तिथनं दिसत नाहीत. शेवटी उरलं ते मोंटानातलं टॅमरॅक शोअर. त्यातही शेवटच्या टोकाची चौदा नंबरची जागा. पलंगाची खिडकी सरळ सॉरेल तलावावर.

सॉरेल तलावाशी तिचा जुना हिशेब होता. सत्तर साली लग्नानंतर दोघं जुन्या पिकअपमधून फिरायला निघाले, तेव्हा अंधार पडल्यावर तिथं पोचले होते. एका म्हाताऱ्या कोळ्यानं दार उघडून सांगितलं, वरची खोली रिकामी आहे, खिडकी पाण्यावर उघडते, या झोपायला. लोवेल म्हणाला, नको नको, आम्ही गाडीतच पडू. आणि तो थांबला. कोळी म्हणाला बरं, आणि दार लावून घेतलं. नवी नवरी रात्रभर पिकअपच्या पुढच्या बाकावर गिअरच्या दांड्याशी झटापट करत बसली. सकाळी असं धुकं, की हातभर अंतरावरचं दिसेना, आणि कापणीसाठी दुपारच्या आत परतीला लागायचं होतं. तलावाच्या काठी रात्र काढून तिनं तलाव बघितलाच नाही.

आता लोवेल दारात उभा राहून कशाची वाट बघत होता, हे मोंटानाच्या कोळ्याला कळणं शक्य नव्हतं. मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला त्यांच्या गावात पहिल्या खेपेला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर केकची बशी पुढं आली, की म्हणायचं, नको, आत्ताच झालंय. पुन्हा आली की, नको, खरंच नको. तिसऱ्यांदा आली की मग, बरं, इतका आग्रह करताय तर एक चतकोर. देणाऱ्यालाही हे ठाऊक, घेणाऱ्यालाही. तिसऱ्यांदा विचारलं नाही, तर त्यानं मनापासून विचारलंच नव्हतं असं समजायचं. आर्डिस आठ वर्षांची असताना मावशीकडं पहिल्याच खेपेला तिनं बटाट्याची मऊ पोळी, लेफ्सा, उचलली होती. आईनं टेबलाखालून असा चिमटा काढला, की आठ दिवस मांडी निळी होती.

गावात हे सगळं ठीक आहे. गावाबाहेरचं जग एकदाच विचारतं. शाळेला शिकागोहून नवा मुख्याधिकारी आला, त्यानं लोवेलला बोलावून विचारलं, गॅरेजचा प्रमुख होतोस का? लोवेल म्हणाला, माझ्याहून लायक माणसं आहेत. त्यानं ते खरं मानलं आणि बाहेरून एक जण आणून बसवला, ज्याला ब्रेक आणि क्लच यांतला फरक माहीत नव्हता. त्याच्या हाताखाली लोवेलनं अठरा वर्षं काढली. आर्डिस तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज दुपारी तो उपरा प्रमुख ताट घेऊन समोर यायचा आणि ती त्याच्या ताटात मुद्दाम तळाचं करपलेलं वाढायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

तर फोनवर नियम ऐकून लोवेल 'बरं' म्हणत होता, एवढ्यात आर्डिसला खोकल्याची उबळ आली. लांबलचक, कोरडी. पलीकडच्या बाईनं ती थांबू दिली. मग तिनं विचारलं, त्या तुमच्या मिसेस का? लोवेल म्हणाला, हो. बाईचा आवाज जरा खाली आला. ती म्हणाली, मालक जुलैमध्ये इथं नसतात. दुसऱ्या आठवड्यात चौदा नंबर मोकळा आहे. गाडीचा एक फोटो पाठवा, अगदीच खटारा नसेल तर मी घेते आत. लिहू का तुमचं नाव?

आर्डिसनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"नको नको," लोवेल म्हणाला. "तुम्हाला कशाला उगाच घोर. नियम तो नियम."

"बरं, जशी तुमची मर्जी," बाई म्हणाली आणि फोन ठेवला गेला.

 आर्डिसला ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास लागतो.

"लाव परत," ती म्हणाली.

लोवेलनं लावला नाही. तो म्हणाला, तिला मनापासून द्यायची असेल तर करेल की ती फोन. नंबर आहे तिच्याकडं.

"ती मोंटानाची आहे, लोवेल. तिला काय ठाऊक तुझी व्रतं?"

पण लोवेल फोनपाशी बसला तो बसलाच. त्या दिवशी त्यानं जेवणाचं ताटही तिथंच घेतलं. दुसऱ्या दिवशी गवत कापायचं सोडून खिडकीत फोन ठेवून बसला. वाजला एकदा, कुणीतरी छपराचे पत्रे विकत होतं. आर्डिसला खरं तर पहिल्याच दिवशी स्वतः फोन लावता आला असता. तिनं लावला नाही, कारण तिला बघायचं होतं, हा माणूस आपल्यासाठी एकदा तरी तोंड उघडतो का. हा तिचा हट्ट, आणि तो महागात पडला. तिसऱ्या सकाळी तिनं लावला, तेव्हा चौदा नंबर गेलेला होता. त्याच दिवशी दुपारी गेला हो, बाई म्हणाली. मी विचारलं होतं तुमच्या मिस्टरांना.

"हो," आर्डिस म्हणाली, "विचारलं होतंस."

फोन ठेवून तिनं नवऱ्याकडं बघितलं. "चोपन्न वर्षं तुझ्या 'नको'वर उपाशी राहिलेय मी," ती म्हणाली. लोवेल उठला आणि गवत कापायला गेला.

जुलैमध्ये ते गेले ते तलावापासून तास-दीड तासावर, हमरस्त्यालगतच्या एका पार्कमध्ये. तिथं जन्मतारीख विचारत नव्हते, कारण तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. ट्रकवाल्यांच्या पेट्रोलपंपामागं खडी पसरलेलं मैदान, विजेचे खांब आणि कडेला एक मरतुकडं झाड. डोंगर होते, पण त्यांच्यापुढं गुडघ्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची, त्याच्या हसऱ्या फोटोसकट, भलीमोठी पाटी होती. पलंगावर पडल्या पडल्या आर्डिसला डॉक्टरचे दात दिसायचे. ती म्हणाली, वा, काय देखावा आहे, बर्फासारखे पांढरे.

लोवेल दिवसभर कुठंतरी हात काळे करत असे. कुणाचा पंप पाणी ओढत नव्हता, कुणाची पायरी आत सरकत नव्हती. दुरुस्त करून दिल्यावर लोक काही देऊ करायचे, कॉफी, भाजलेलं मटण, बिअर. लोवेल नको म्हणायचा आणि ते ठीक आहे म्हणून स्वतःच प्यायचे. आर्डिस खिडकीतून हे बघायची आणि तो आत आला की सुनवायची, आज किती जणांना नको म्हणालास? यादी ठेव, देवाला दाखवायला होईल. तो हात धुवायचा. या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं होतं, आणि आता तर तिला बुक्क्या मारायचाही दम राहिला नव्हता. रागानं तिला रडू यायचं, आणि रडलं की धाप लागायची, म्हणून ती रडणंही अर्ध्यावर सोडायची.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, राहायचं नशिबात नाही तर निदान बघून येऊ. मला तलाव बघायचाय. लोवेलनं लगेच गाडीची वीज-पाण्याची जोडणी सोडली.

सार्वजनिक धक्क्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीच पाटी होती, लांब गाड्यांना मनाई. चालायचं तर अर्धा मैल. आर्डिसला मोटारघराच्या पायऱ्यासुद्धा एका दमात उतरवत नव्हत्या. बाकीचा काठ लोकांनी वाटून घेतला होता, घर, कुंपण, घर, कुंपण. शेवटी लोवेलनं टॅमरॅक शोअरच्या फाटकात गाडी वळवली. कचेरीची खिडकी आर्डिसच्या बाजूला आली. तिनं काच खाली केली.

खिडकीत शेल्बी असं नाव लावलेली तिशीची पोरगी होती. आवाज आर्डिसनं ओळखला. आर्डिसनं विचारलं, आम्हाला एक चक्कर मारून पाणी बघू देतेस का, उतरणार नाही. शेल्बी म्हणाली, बुकिंग नसलेली गाडी आत सोडता येत नाही, विम्याची भानगड असते. मग तिनं मान बाहेर काढून मोटारघर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आणि आर्डिसच्या नाकातली, आता दिवसाही लागणारी प्राणवायूची नळी बघितली.

"तुम्हीच का त्या? शहाण्णव, मार्चमधली?" ती हसली. "अहो, ही तर माझ्या गाडीपेक्षा चकाचक आहे." तिनं समोरचा कागद बघितला. "नऊ नंबरवाले आज एक दिवस आधीच गेले. दुसरी रांग आहे, पण पाणी दिसतं. उद्या दुपारपर्यंत रिकामीच राहील. राहता का?"

गेले तीन आठवडे आर्डिसनं मनातल्या मनात हो म्हणायची तालीम केली होती. कुणी काहीही देऊ केलं तर आपण आधी हो म्हणायचं, लोवेलनं तोंड उघडायच्या आत. जीभ त्याच एका शब्दासाठी तयार ठेवली होती.

"नको गं पोरी," ती म्हणाली, "तुला कशाला उगाच त्रास."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले. आईचा आवाज वाटला.

"बरं," शेल्बी म्हणाली. "पुढं जाऊन डावीकडं वळायला जागा आहे." आणि तिनं दुसऱ्या खिडकीत वाजणारा फोन घेतला.

मागं एक चंदेरी, बसएवढी गाडी येऊन उभी होती. तिनं हॉर्न दिला. लोवेलनं मोटारघर पुढं नेऊन वळणाच्या जागेत लावलं. तिथं डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना फळ्यांचं उंच कुंपण होतं, पुढं कचऱ्याचे डबे. आरशात आर्डिसला दिसलं, चंदेरी गाडीतून अर्ध्या चड्डीतला एक उंच माणूस उतरला, खिडकीशी गेला, काहीतरी विचारलं, लगेच मान डोलावली, आणि हिरवा कागद घेऊन आपल्या काचेला लावला. एवढ्यात झालं. माणसाला जागा हवी होती, त्यानं ती मागितली, त्याला मिळाली.

 आज बोलायला लोवेलला अख्खं रान मोकळं होतं. चोपन्न वर्षांचं सगळं व्याजासकट तिच्या पदरात टाकता आलं असतं, आणि तिनं ते निमूट घेतलं असतं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या डब्यांकडं बघत राहिला.

"मला हो म्हणायचं होतं," आर्डिस म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मला ती जागा हवी होती, लोवेल."

लोवेलनं इंजिन बंद केलं. दार उघडून तो गुडघे सांभाळत खाली उतरला. काय रे, कुठं चाललास, असं तिला विचारायचं होतं, पण तोवर तो आरशात दिसायला लागला होता, पाठमोरा, जरा वाकून चालणारा. खिडकीशी जाऊन त्यानं डोक्यावरची टोपी काढली. गावात तो टोपी फक्त चर्चमध्ये आणि प्रेतापुढं काढत असे.

तो बोलत होता. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं, पण बोलताना त्याचा हात या गाडीकडं वळत होता. शेल्बीनं मान हलवली आणि चंदेरी गाडीकडं बोट दाखवलं. तो बाजूला झाला, कुणाला तरी पुढं येऊ दिलं, आणि परत खिडकीशी गेला. टोपी छातीशी धरून उभा राहिला. चंदेरी गाडीवालासुद्धा उतरून बघायला लागला. आर्डिसला ते बघवेना. गॅरेजातल्या त्या उपऱ्या प्रमुखापुढंही हा माणूस कधी असा उभा राहिला नव्हता. हॉर्न वाजवून त्याला परत बोलवावं म्हणून तिनं हात लांब केला. पण वाजवला असता तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. तिनं हात परत मांडीवर घेतला आणि तो येईपर्यंत आरशात बघत राहिली.

तो आला, चढला, टोपी घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"गेली म्हणाली जागा. आता दुसरी नाही."

"दिसलं मला."

लोवेलनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

"मी तीनदा विचारलं," तो म्हणाला.

आर्डिसनं त्याच्याकडं बघितलं.  तिनं त्याच्या बाहीला लागलेली गवताची काडी काढून टाकली.

पुढं वळायला जागा पुरेना, म्हणून तो गाडी उलटी घ्यायला लागला. दोन्ही आरशांत बघत, इंच इंच.

"तुझ्या बाजूनं पाणी दिसतंय का गं जरा?" त्यानं मान न वळवता विचारलं.

आर्डिसच्या खिडकीला लागून कुंपणाच्या फळ्या सरकत होत्या, एकीमागून एक, वर टोकापर्यंत.

"दिसतंय," ती म्हणाली. "सावकाश घे."